मुदखेडचा विद्यार्थी आणि शालेय इतिहास : माध्यमिक अभ्यासक्रमाचे एक परीक्षण

१

मराठीतील आधुनिक इतिहाससमीक्षेचा आरंभ एका पाठ्यपुस्तकाच्या परीक्षणातून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापनाची चर्चा करताना सहसा ध्यानात घेतली जात नाही. ग्रँट डफ याचा मराठ्यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेला त्याचा अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ या नावाने रूढ झाला आणि शाळांतूनही वाचला जाऊ लागला. या पुस्तकावर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने १८६८ मध्ये टीका प्रसिद्ध केली. डफने कोणती साधने पाहिली, कोणती पाहिली नाहीत आणि पाहिलेल्या साधनांचा अर्थ त्याने कोणत्या दृष्टीने लावला, हे प्रश्न त्या टीकेच्या मुळाशी होते. पुढे ‘काव्येतिहाससंग्रह’, राजवाड्यांचे साधनखंड आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही जी परंपरा उभी राहिली, तिचे बीज ‘हे कशावरून?’ या एका प्रश्नात आहे.

माध्यमिक शाळेतील इतिहास हा विषय या प्रश्नाच्या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे. अभ्यासक्रमात काय सांगितले आहे आणि काय वगळले आहे, एवढ्यावरच पाठ्यपुस्तकांची चर्चा बहुधा थांबते. ती आवश्यक असली तरी अपुरी आहे. सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्याने कोणत्या आधारावर खरी मानावी, आणि ती तपासण्याचे कोणते साधन शाळेने त्याच्या हाती दिले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. तो अमूर्त पातळीवर सोडविता येत नाही; त्यासाठी एखादे ठिकाण समोर ठेवावे लागते. येथे त्यासाठी नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे ठिकाण घेतले आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे जंक्शन. आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. फुलांच्या शेतीसाठी हा परिसर ओळखला जातो. येथे कोणतीही जगप्रसिद्ध लढाई झाली नाही. म्हणूनच ते उदाहरणादाखल उपयुक्त आहे. ज्या गावाचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही, अशाच गावातून महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी परीक्षेस बसतात.

२

मुदखेडच्या विद्यार्थ्याला शाळेत कोणता इतिहास मिळत आला, याचा विचार शिक्षणाच्या भाषेपासून सुरू करावा लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला आणि त्यासाठी स्थापन झालेल्या अनुवाद संस्थेने अनेक शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणले. एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग स्वतंत्रपणे पाहिला तर थोर होता. परंतु तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेच्या दृष्टीने माध्यमिक शिक्षणाचा दरवाजा परभाषेच्या उंबरठ्यावरूनच उघडत होता. या परिस्थितीत मराठी शिक्षणाचा भार खाजगी संस्थांनी उचलला. हैदराबादचे विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन या शाळा त्या प्रयत्नाच्या साक्षी आहेत. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिक्षक म्हणून काम केले आणि तेथूनच ते राजकीय चळवळीत आले. या प्रदेशात शाळा आणि स्वातंत्र्याचा लढा यांचा संबंध असा सेंद्रिय आहे. उस्मानिया विद्यापीठातून १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीमुळे बाहेर पडावे लागलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले, हाही त्याच संबंधाचा भाग होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. पुढे १९६६ मध्ये राज्यासाठी माध्यमिक शालान्त परीक्षेचे एक मंडळ आणि १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मितीची संस्था, म्हणजेच बालभारती, स्थापन झाली. एका पिढीच्या आत मुदखेडच्या शाळेची भाषा, लिपी, परीक्षा, पाठ्यपुस्तक आणि राजधानी या पाचही गोष्टी बदलल्या. आजोबांनी उर्दूत दिलेली परीक्षा आणि नातवाने मराठीत दिलेली परीक्षा यांत केवळ माध्यमाचा फरक नाही. दोघांच्या पुस्तकांतील ‘आपण’ या शब्दाचा अर्थही वेगळा आहे.

हे स्थित्यंतर न्याय्य होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. मातृभाषेतून शिक्षण मिळणे ही या प्रदेशाची जुनी आणि रास्त मागणी होती. तथापि प्रत्येक स्थित्यंतरात काही मागे राहते. येथे जे मागे राहिले ते म्हणजे सव्वादोनशे वर्षांचा एक कालखंड आणि तो वाचण्यास लागणाऱ्या लिपी.

३

बालभारतीच्या अलीकडील मालिकेत सातवीला शिवकाल व मराठी सत्तेचा विस्तार, आठवीला इंग्रजी राजवट व स्वातंत्र्यलढा, नववीला १९६० नंतरच्या भारतातील घडामोडी आणि दहावीला इतिहासलेखन व उपयोजित इतिहास अशी योजना आढळते. यांपैकी २०१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले दहावीचे पुस्तक विशेष विचारार्ह आहे. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या बाजूला ठेवून या पुस्तकाने शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर इतिहास या शास्त्राचेच स्वरूप सांगण्याचे ठरविले. पहिल्या प्रकरणात पाश्चात्त्य आणि दुसऱ्यात भारतीय इतिहासलेखनाची परंपरा येते. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको ही नावे विद्यार्थ्याला भेटतात. त्याचप्रमाणे ‘राजतरंगिणी’, बखरवाङ्मय, वसाहतवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, वंचितकेंद्री आणि स्त्रीवादी लेखनपद्धतीही भेटतात. पुढे कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन यांचा इतिहासाशी असलेला संबंध दाखवून शेवटी ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाचे प्रकरण येते.

या योजनेचे मोल मान्य करावयास हवे. इतिहास म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींची यादी हा समज तिने मोडीत काढला. इतिहास कोणीतरी लिहितो, तो विशिष्ट दृष्टीने लिहितो आणि म्हणून त्याची चिकित्सा करता येते, हा विचार पूर्वी पदव्युत्तर वर्गापर्यंत राखून ठेवलेला असे. तो येथे पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत आणला गेला. हे धाडस स्पृहणीय आहे.

परंतु याच ठिकाणी पुस्तकाची खरी उणीवही आहे. इतिहासकाराची पद्धत हे पुस्तक सांगते, वापरावयास देत नाही. रांकेने मूळ दस्तऐवजांच्या चिकित्सेवर भर दिला, हे विद्यार्थी शिकतो. पण त्या चिकित्सेसाठी दस्तऐवज मात्र त्याच्यासमोर येत नाही. वंचितांचा इतिहास म्हणजे काय याची व्याख्या तो पाठ करतो. मात्र आपल्या तालुक्यातील एखाद्या मजुराच्या, वतनदाराच्या कुळाच्या वा विणकराच्या आयुष्याचा माग कसा काढावा, हे त्याला कोणी सांगत नाही. परिणामी चिकित्सेचे शास्त्रही स्मरणाचाच विषय होऊन बसते. पूर्वी विद्यार्थी पानिपतचे सन पाठ करीत असे, आता तो इतिहासकारांची नावे पाठ करतो. पाठ करण्याची वस्तू बदलली. पाठ करणे तेच राहिले. चिकित्सेविषयीची वाक्ये चिकित्सेवाचून स्वीकारावयास लावणे, हा या पुस्तकातील मूळ अंतर्विरोध आहे.

हा दोष सर्वस्वी लेखकमंडळाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. इतिहास व राज्यशास्त्र या दोन विषयांची मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते. योग्य पर्याय निवडा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीप लिहा, या चाकोरीतून ती उत्तरे मागते. अपरिचित उतारा देऊन ‘हा लेखक कोण असावा, त्याचा हेतू काय असावा, त्याच्या विधानातील कोणता भाग विश्वसनीय आहे’ असे विचारणारी प्रश्नपत्रिका काढणे कठीण, आणि लाखो उत्तरपत्रिका एका मापाने तपासणे त्याहून कठीण. शाळेत जे शिकविले जाते ते पाठ्यपुस्तकाने ठरते, हा समज अर्धाच खरा आहे. परीक्षा जे विचारते, तेच अखेर शिकविले जाते.

मूळ साधनांतून शालेय इतिहास शिकविण्याची कल्पना नवी नाही. ऑक्सफर्डचे एम. डब्ल्यू. कीटिंग यांनी १९१० मध्येच तिचा पुरस्कार केला होता, आणि इंग्लंडमध्ये १९७२ मध्ये सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पाने पुराव्याची चिकित्सा परीक्षेच्या केंद्रस्थानी आणली. त्या प्रयोगावर पुढे जो आक्षेप घेतला गेला, तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे : सुट्या उताऱ्यांची चिकित्सा करण्यात विद्यार्थी तरबेज होतो, पण कालप्रवाहाचे सलग चित्र त्याच्या मनात उमटत नाही. म्हणजे कथन आणि पुरावा यांपैकी एकाची निवड करून भागत नाही. कथनाच्या ओघात काही मोजक्या जागी थांबून पुरावा हाताळावयास देणे, हाच मध्यममार्ग होय. अशा थांबण्याच्या जागा स्थानिक इतिहासाइतक्या सहजतेने दुसरीकडे सापडत नाहीत.

४

मुदखेडच्या बाबतीत अशा जागा नेमक्या कोठे आहेत, हे पाहिले म्हणजे अभ्यासक्रमातील रिकाम्या जागाही उघड होतात.

पहिली जागा अठराव्या शतकाची. सातवीच्या वर्गात मराठी सत्तेचा विस्तार शिकताना निजाम हा प्रतिपक्ष म्हणून येतो. पालखेड १७२८, उदगीर १७६०, राक्षसभुवन १७६३, खर्डा १७९५ या विजयांचा क्रम पुण्याकडून पाहिला असता सुसंगत दिसतो. परंतु उदगीर, राक्षसभुवन आणि पालखेडच्या लढाईनंतर ज्या गावी तह झाला ते मुंगी-शेवगाव ही स्थळे गोदावरीच्या खोऱ्याच्या या परिसरातील वा त्याच्या आसपासची आहेत. नांदेडच्या परिसरातील रयत निजामाच्या अमलाखाली होती आणि मुंगी-शेवगावच्या तहाने मान्य झालेल्या चौथ व सरदेशमुखीच्या हक्कामुळे मराठ्यांच्याही वसुलीच्या कक्षेत आली होती. एकाच शेतावर दोन सत्तांचा हक्क, हे दख्खनच्या अठराव्या शतकाचे खरे राजकीय वैशिष्ट्य होय. ‘आपण’ आणि ‘शत्रू’ या दोन रकान्यांत ते बसत नाही. मुदखेडच्या विद्यार्थ्याने खर्ड्याचा विजय कोणाचा मानावा? पुस्तक हा प्रश्न विचारीत नाही. तो विचारला गेला, तर सार्वभौमत्व, वतन, महसूल आणि निष्ठा या संकल्पना व्याख्येवाचून समजू लागतील.

दुसरी जागा १८१९ ची. हदगाव तालुक्यातील नाव्हा येथील गढीला त्या वर्षीच्या जानेवारीत निजामाच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेने वेढा घातला आणि हटकरांचा नेता नोवसाजी नाईक याचा प्रतिकार मोडून काढला. ही लढाई त्या फौजेने इतकी महत्त्वाची मानली की तिच्या पलटणींच्या युद्धसन्मानांत नाव्ह्याचे नाव कोरले गेले. पेशवाईचा शेवट १८१८ मध्ये झाला, असे आठवीचा विद्यार्थी शिकतो. परंतु त्याच्याच जिल्ह्यात पुढील वर्षी एवढा संग्राम का झाला, तो कोणाविरुद्ध होता, निजामाविरुद्ध की इंग्रजांविरुद्ध, याचा त्याला पत्ता नसतो. त्या लढाईची लेखी हकीकत मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या कागदांतून येते, स्थानिक आठवण मात्र हरणाऱ्यांची असते. पुराव्याची एकांगिता समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

तिसरी जागा त्याहून प्राचीन. कंधारचा राष्ट्रकूटकालीन शिलालेख, देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आणि तेथील लेख, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह यांचे जेथे देहावसान झाले ते नांदेड, आणि एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंह यांच्या साह्याने तेथे उभे राहिलेले सचखंड गुरुद्वाराचे मंदिर, हे सारे एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे. कन्नड, मराठी, तेलुगू, पंजाबी आणि दख्खनी हे पाचही प्रवाह या जिल्ह्यात भेटतात. राज्याच्या सीमा वर्गाच्या भिंतीवरील नकाशात दिसतात तितक्या जुन्या नाहीत, हे शिकविण्यासाठी १९५६ च्या पुनर्रचनेचा तपशील पुरेसा आहे. मुधोळ आणि भैंसा हा नांदेड जिल्ह्याचा भाग त्या वर्षी आंध्र प्रदेशात गेला आणि आदिलाबादकडील किनवट तालुका इकडे आला. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी याच सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जोडते. त्या मार्गावरील एका स्थानकावरचा विद्यार्थी महाराष्ट्राचे पुस्तक वाचतो आणि दुसऱ्या स्थानकावरचा तेलंगणाचे. दोघांच्या पणजोबांनी महसूल मात्र एकाच दिवाणीत भरला.

५

या सर्वांत कठीण, आणि म्हणूनच अभ्यासक्रमाची खरी परीक्षा पाहणारी जागा १९४८ ही आहे.

आठवीच्या पुस्तकात हैदराबादचे विलीनीकरण स्वातंत्र्यलढ्याच्या परिपूर्तीच्या प्रकरणात, जुनागड, काश्मीर, फ्रेंच वसाहती व गोवा यांच्या सोबत येते. मराठवाड्याच्या योगदानाचा निर्देशही त्यात आहे. हा निर्देश होणे हीच मराठवाड्याच्या दृष्टीने समाधानाची बाब, असे मानण्याची प्रथा पडली आहे. पण निर्देश आणि इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. नेत्यांची व हुतात्म्यांची नामावळी देऊन कृतज्ञता व्यक्त होते, आकलन होत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी शाळेच्या प्रांगणात ध्वज फडकतो, भाषणे होतात. तरीही त्या दिवसापूर्वीच्या तेरा महिन्यांत आपल्या गावाच्या आसपास काय घडले, हे विचारले असता विद्यार्थी निरुत्तर होतो.

उमरी हे गाव मुदखेडच्या पुढे त्याच लोहमार्गावर आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी तेथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर स्वातंत्र्यसैनिकांच्या सशस्त्र तुकडीने छापा घातला. ती तारीख विद्यार्थ्याला पाठ असते, परंतु निराळ्या कारणाने : त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. हा योगायोग निव्वळ कुतूहलाचा विषय नाही. हैदराबादच्या स्टेट काँग्रेसने १९३८ चा लढा सत्याग्रहाच्या मार्गाने दिला होता. दहा वर्षांनी तिच्याच कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर सशस्त्र शिबिरे का उभारली? बिलोलीचे गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये झालेली हत्या, रझाकारांचे वाढते अत्याचार, संस्थानाने भारतात विलीन होण्यास दिलेला नकार, आणि सरहद्दीपलीकडील वऱ्हाडात मिळणारा आश्रय, ही सारी कारणे एकत्र पाहिल्यावाचून याचे उत्तर मिळत नाही. साधन आणि साध्य यांचा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकातून शिकविण्यापेक्षा उमरीच्या उदाहरणाने शिकविणे अधिक परिणामकारक ठरेल. कारण येथे दोन्ही बाजूंना थोर माणसे आहेत आणि उत्तर सोपे नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पुस्तकातील हकीकत येथे संपते. लोकांच्या आठवणीतील हकीकत येथे संपत नाही. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नेमली गेली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये तिने संस्थानात दौरा केला. किमान २७,००० ते ४०,००० माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज तिने दिला आणि सर्वांत अधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्यासह नांदेडचाही समावेश केला. त्याच अहवालात, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना वाचविल्याचीही नोंद आहे. सरदार पटेल यांनी हा अहवाल एकांगी मानला. पुढे कित्येक दशके तो प्रकाशात आला नाही, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ मधील ग्रंथात तो छापला गेला.

शालेय वर्गात हा विषय आणणे इष्ट आहे काय, या प्रश्नावर दोन मते संभवतात. पहिले मत असे की, पंधरा वर्षांची मुले कोवळी असतात. मुदखेडसारख्या मिश्र वस्तीच्या गावात एका बाकावर बसणाऱ्या मुलांच्या मनात यामुळे दुरावा निर्माण होईल. हे मत सद्हेतूचे आहे आणि शिक्षकाच्या दैनंदिन अडचणीतून आलेले आहे. ते हसण्यावारी नेता येत नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक अनुक्त गृहीत आहे. शाळेने सांगितले नाही तर मुलांना ते कळणार नाही, असे ते गृहीत होय, आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. १९४७-४८ च्या आठवणी घराघरांत आहेत. कोणाच्या घरी रझाकारांनी केलेल्या जाळपोळीची हकीकत सांगितली जाते, कोणाच्या घरी परत न आलेल्या आजोबांची. प्रत्येक मुलाला त्यातील अर्धी हकीकत माहीत असते आणि ती अर्धी हकीकत त्याला संपूर्ण वाटते. शाळेचे मौन या दोन अर्ध्यांना कधी भेटू देत नाही. मौन तटस्थ असते, हा भ्रम आहे. मोकळी राहिलेली जागा सभेचे व्यासपीठ, निवडणुकीची घोषणा आणि अफवा भरून काढतात, आणि त्यांना पुराव्याची अट नसते.

दुसरे मत, सारेच सांगून टाकावे असे आहे. तेही सदोष आहे. एक आकडा आणि एक अहवाल फळ्यावर लिहून मोकळे होणे म्हणजे जुन्या पाठांतराच्या यादीत नवी भर घालणे. सुंदरलाल समितीचा अहवाल वर्गात यावा तो निकाल म्हणून नव्हे, तर साधन म्हणून यावा. समिती कोणी नेमली, ती किती दिवस आणि कोठे हिंडली, आकडा तिने कसा काढला, पटेलांचा आक्षेप काय होता, आणि आक्षेप मान्य केला तरी अहवालातील कोणत्या नोंदी त्याने बाधित होत नाहीत, असे प्रश्न क्रमाने विचारावे लागतील. त्याच कसोटीवर रझाकारांच्या अत्याचारांविषयीचे समकालीन वृत्तान्त, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी आणि अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथही तपासावे लागतील. या तपासणीतून एका अन्यायाने दुसऱ्या अन्यायाची वजाबाकी होत नाही, हे विद्यार्थ्याला उमजेल. रझाकारांचा जुलूम खरा होता. मुक्तिसंग्राम न्याय्य होता. आणि त्यानंतर निरपराध माणसे मारली गेली, हेही खरे आहे. ही तीन विधाने एकाच वेळी मनात धरता येणे हे इतिहासशिक्षणाचे फलित होय. ज्याला ती धरता येत नाहीत, त्याला इतिहासात कितीही गुण मिळोत, तो इतिहास शिकलेला नाही.

६

या मार्गातील मोठा अडथळा अनिच्छेचा नसून साधनांच्या दुर्लभतेचा आहे. मुदखेडच्या इतिहासाची साधने फारसी, उर्दू, मोडी आणि इंग्रजी या चार वाटांनी विखुरलेली आहेत. संस्थानाचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेत राहिले. घराघरांतून वतनाचे, शेतसाऱ्याचे, खरेदीखताचे उर्दू कागद आजही पेटीच्या तळाशी आढळतात. त्यांवर तारीख फसली सनाची असते आणि रक्कम हाली सिक्क्याची. इसवी सनातून ५९० वजा केले की स्थूलमानाने हैदराबादचा फसली सन येतो. १९४८ चा सप्टेंबर त्या कागदांत १३५७ फसली म्हणून भेटतो. जो नातू आजोबांच्या कागदावरील तारीखही वाचू शकत नाही, त्याच्या दृष्टीने तो कागद कोर्टातल्या वादापुरताच उरतो, इतिहासाचे साधन होत नाही.

ही वाट पूर्वी कोणी चाललेच नाही, असे मात्र नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी फारसी साधने मराठीत आणून मराठवाड्याच्या माणसाने काय करावे याचा वस्तुपाठ घालून दिला. संस्थानी प्रशासनाच्या आणि भाषांच्या परिचयाचे त्यांनी ओझे मानले नाही, भांडवल मानले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी इतिहासावरील भक्तिभाव आणि इतिहासाची चिकित्सा यांतील अंतर महाराष्ट्राला समजावून सांगितले. हैदराबादच्या प्रश्नाकडे त्यांनी मुक्तिसंग्रामाविषयी पूर्ण आत्मीयता ठेवून आणि तरीही तर्काची शिस्त न सोडता पाहिले. शालेय शिक्षक आणि इतिहासचिंतक हे दोन निराळे प्राणी आहेत, हा समज त्यांच्या उदाहरणानेच खोटा ठरतो.

या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या विद्यापीठीय विभागांवर म्हणूनच एक स्पष्ट जबाबदारी येते. १९५८ मध्ये औरंगाबादेत आणि १९९४ मध्ये नांदेडात स्थापन झालेल्या विद्यापीठांतून मराठवाड्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिले जातात; ते माध्यमिक शिक्षकापर्यंत पोचावेत अशी कोणतीही यंत्रणा नाही. प्रबंधाची भाषा, त्याचा विस्तार आणि ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप ही तीनही त्याच्या आड येतात. प्रत्येक जिल्ह्यासाठी पंचवीस-तीस मूळ साधनांचा, मराठी अनुवाद, अल्प टीपा आणि प्रश्न यांसह, एक वाचनसंग्रह सिद्ध करणे हे विभागाच्या आवाक्यातील काम आहे. नांदेडच्या संग्रहात कंधारच्या शिलालेखाचा अर्थ, नाव्ह्याच्या वेढ्याची इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत, एखादा उर्दू महसुली कागद, लोहमार्गासंबंधीची नोंद, आता बंद पडलेल्या उस्मानशाही गिरणीतील कामगाराची आठवण, उमरीच्या छाप्याचे दोन वृत्तान्त आणि सुंदरलाल अहवालातील उतारा एवढे आले, तरी दहावीच्या पुस्तकातील पहिल्या दोन प्रकरणांना देह लाभेल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अशा एका साधनाच्या चिकित्सेसाठी दिले, तर लेखी परीक्षेची चौकट न मोडताही काम सुरू होऊ शकेल.

मौखिक साधनांच्या बाबतीत घाईही आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. दहावीचे पुस्तक मौखिक साधनांच्या संकलनाचे व जतनाचे महत्त्व सांगते. पण परीक्षेसाठी त्यावर टीप लिहिणारा विद्यार्थी सायंकाळी घरी जातो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या माणसाला तो काही विचारीत नाही. विचारावे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

७

स्थानिक इतिहासाच्या आग्रहात एक धोका आहे, त्याची नोंद करणे अगत्याचे आहे. प्रत्येक तालुक्याने आपले हुतात्मे, आपली गढी आणि आपला शिलालेख घेऊन बसावे आणि ‘आमचे नाव पुस्तकात का नाही’ एवढीच तक्रार करावी, असा जर त्याचा अर्थ झाला, तर राष्ट्रीय गौरवगाथेच्या जागी शंभर तालुक्यांच्या गौरवगाथा येतील, आणि चिकित्सा होती तेथेच राहील. मुदखेडचे नाव पाठ्यपुस्तकात छापले जावे, ही मागणी या परीक्षणातून निघत नाही. राज्याच्या पुस्तकाने राज्याचेच कथन सांगावे. तेच त्याचे काम आहे. मागणी निघते ती अशी की, त्या कथनाची कसोटी पाहण्याइतके साहित्य मुदखेडच्या वर्गात असावे, ते हाताळण्याचे शिक्षण शिक्षकाला मिळावे आणि परीक्षेने त्याची दखल घ्यावी.

कीर्तने यांनी जे विचारले, ते विचारण्यासाठी त्यांच्यापाशी फार मोठे दप्तर नव्हते. हाती आलेले पुस्तक प्रमाण मानण्यापूर्वी थांबण्याची बुद्धी होती. शाळेने ती बुद्धी द्यावयाची की नाही, हा निर्णय प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागतो. ज्या जिल्ह्यात एका आयुष्याच्या अवधीत राज्य, भाषा आणि लिपी बदलली आणि ज्याच्या मातीत १९४८ च्या दोन्ही बाजूंचे मृत आहेत, तेथे तो निर्णय केवळ शिक्षणशास्त्रापुरता उरत नाही. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना एकमेकांच्या घरची हकीकत पुराव्यानिशी ऐकून घेता येईल काय, हे त्यावर अवलंबून आहे.